पतंगखालाचा चांद

“पेन खाली ठेव नि वर बग,” हुरबीखाला मला म्हणाली. “चांद वहीत नाय उगवत.”

गच्चीवर आम्ही अकरा बायका होतो. एकोणतिसावा रोजा नुकताच दोन खजुरांवर सुटला होता, मगरीबची नमाज झटपट उरकली होती आणि खारवणे गावातली झाडून सगळी माणसं मावळतीकडे तोंड करून उभी होती. पुरुष खाली खाडीच्या धक्क्यावर, बायका वर रुकय्याभाबीच्या गच्चीवर. चांद आज दिसला तर उद्या ईद. नाही दिसला तर उद्या तिसावा रोजा आणि ईद परवा. एप्रिल महिना होता. कलमांवर आंबा तयार होता आणि आभाळात नको तेव्हा येणारं मळभ आलं होतं.

मी पेन खाली ठेवलं नाही. पेन ठेवायला मी खारवण्यात आलेच नव्हते.

पस्तीस वर्षं झाली त्या गोष्टीला. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, पुण्याहून मानवशास्त्राच्या प्रबंधासाठी आलेली, नाव ललिता गुर्जर. विषय होता ‘कोकणी मुसलमान कुटुंबांतील दैनंदिन धर्माचरण’. सोबत एकशे अठरा प्रश्नांची प्रश्नावली होती आणि माझ्या मार्गदर्शक सोहोनीबाईंनी निघताना दिलेला एक मंत्र होता. “ललिता, गावात गेलं की आपण भिंतीवरची पाल. सगळं बघायचं, पण चुकचुकायचं नाही. तू तिथे नसतीस तर जे घडलं असतं, तेच तू असताना घडलं पाहिजे.”

चार महिने मी इमानेइतबारे पाल झाले होते. रुकय्याभाबीचा नवरा दुबईला, त्यामुळे तिच्या पक्क्या घरात वरची खोली रिकामी होती. तिथे मी भाड्यानं राहत होते आणि दारोदार प्रश्नावली भरून आणत होते. गंमत अशी, की सगळी उत्तरं सारखीच यायची. नमाज किती वेळा? पाच. रोजे किती? सगळे. त्यापुढचं विचारलं, की बायका पदर सावरून म्हणायच्या, “ते खतीबसायबांना इचार बाय, ते बराबर सांगतील.” खतीबसाहेब, म्हणजे मशिदीत नमाज पढवणारे शांत, दाढीवाले गृहस्थ, ते बरोबर सांगायचे. ते पुस्तकातही होतं. एक हुरबीखाला तेवढी वेगळी. ‘नमाजाचे प्रमाण : नियमित, अधूनमधून, क्वचित’ हा रकाना मी तिला वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, “आणि ‘भांडत भांडत’ असा नाय काय खण? मी अल्लाशी भांडत भांडत पढते. तेवढं एक नीट लिव.”

मी ‘नियमित’वर खूण केली. दुसरं काय करणार?

हुरबीखाला परकार तेव्हा सत्तरीच्या आसपास असेल. दोन महिन्यांपूर्वी चिपळूणला शिबिरात तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता आणि नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला होता. गावात मात्र तिला हुरबीखाला कुणी म्हणत नसे. पतंगखाला म्हणत. अकरा वर्षांपूर्वी अशाच एका एकोणतिसाव्या संध्याकाळी तिनं आपल्या परसातून “चांद! चांद!” असा गिल्ला केला होता. मागचापुढचा विचार न करता पोरं धावली, मशिदीत नगारा वाजला, सकाळी अख्ख्या गावानं शीरखुर्मा खाल्ला. नऊ वाजता पलीकडच्या गावचा माणूस होडीतून उतरला नि म्हणाला, “तुमी खाताय काय? आज रोजा हाय!” मग लोकांनी जाऊन पाहिलं, तर माडाच्या झावळीला फाटक्या पतंगाचा पांढरा कपटा लटकत होता. त्या एका दिवसाचा रोजा गावाला नंतर भरून काढावा लागला. गाव रोजा विसरलं, पण पतंग विसरलं नाही.

“खाला, आज कुठल्या रंगाचा दिसतो?” मागून कुणीतरी विचारलं आणि गच्ची खळखळून हसली.

“हसा, हसा,” खाला म्हणाली. “अल्लानं मला नवा डोळा दिलाय. तुमचे जुनेच हायत.”

पण आज तिच्या हसण्यात जीव नव्हता, हे मला ठाऊक होतं. तिचा धाकटा मुलगा यासीन बोटीवर खलाशी होता. सहा वर्षांत त्याची एकही ईद घरी झाली नव्हती. कधी बसरा, कधी सिंगापूर, कधी नुसता समुद्र. यंदा तो महिनाभराच्या रजेवर आला होता आणि रजेचं गणित असं काही जुळलं होतं, की उद्या संध्याकाळच्या एस.टी.नं त्याला मुंबई गाठायची होती, परवा सकाळी बोटीवर हजर. उद्या ईद झाली तर तो मायच्या हातचं खाऊन, ईदची नमाज पढून जाणार. परवा झाली तर ईद गावात आणि पोरगा बंदरावर.

“सात वर्सं होतील मग,” दुपारी तिनं मला सांगितलं होतं. “पुडल्या रजेला मी असेन नसेन. हे लिवू नको हां.”

मी ते लिहिलं होतं. ‘माहिती देणारी व्यक्ती क्र. ४१, भावनिक.’

सव्वासात होऊन गेले. सूर्य बुडाला होता तिथे तांबूस पट्टा उरला होता आणि त्यावर मळभाच्या गोधड्या एकावर एक. बायकांच्या माना दुखायला लागल्या. रुकय्याभाबी म्हणाली, “जाऊ दे, खाली जाऊन डाळ तरी भिजत घालते.” दोघीतिघी जिन्याकडे वळल्याही. मी वहीत वेळ टाकत होते, कोण कुठे उभं आहे याचा लहानसा नकाशा काढत होते. पालीचं काम.

आणि मान वर केली, तर चांद होता.

परसात दोन माड एकाच बुंध्यातून फुटल्यासारखे होते, जोडमाड म्हणत त्यांना. त्यांच्या मधल्या फटीत, उजव्या माडाला लागून, मळभाला पडलेल्या एका चिरेत तो आडवा पडला होता. नखाएवढासुद्धा नाही, नखाच्या कडेएवढा. दोन्ही टोकं वर, उजवं जरासं खाली. मी घड्याळ पाहिलं. सात वाजून चोवीस मिनिटं. हात आपोआप चालला, वेळ लिहिली, जोडमाड काढला, दोन टोकं काढली. तोंड उघडलं आणि मिटलं. मी नसते तर काय घडलं असतं? तेच घडलं पाहिजे. घशाशी आलेला शब्द मी परत गिळला, आणि खरं सांगते, तेव्हा मला स्वतःचा अभिमानच वाटला.

“चांद!”

हुरबीखाला ओरडली. बोट थेट जोडमाडाकडे. “त्यो बगा! जोडमाडात! बगा गो, बगा!”

बायका वळल्या. पण वळेपर्यंत चीर मिटली होती.

गच्चीवर असा हशा उसळला, की खालची कुत्री भुंकायला लागली. “पतंग! पतंग बसला जोडमाडावर!” “खाला, दोरी पकड!” रुकय्याभाबी तेवढी हसली नाही. ती खालाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “खाला, असू दे. दमलंस तू.” ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

खालानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

पोरांच्या तोंडून बातमी धक्क्यावर गेली आणि पाचच मिनिटांत पुरुषांचं टोळकं पायऱ्या चढून अंगणात आलं. पुढे जमातीचे अध्यक्ष इस्हाक मुकादम, धिप्पाड, आवाज असा की मशिदीला भोंग्याची गरज नसावी. त्यांच्या मागे खतीबसाहेब, त्यांच्या मागे यासीन, मान खाली घालून. आम्ही सगळ्या खाली उतरलो.

“कुणी बगितला?” मुकादमांनी विचारलं.

“मी,” खाला म्हणाली.

“आणि?”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“म्हणजे परत तूच!” मुकादमांनी कपाळाला हात लावला. “अगो, अकरा वर्सांपूर्वीचा माजा रोजा मी भर जेष्टात भरून काडलाय! आणि आज तर तुजा पोरगा जायचाय. तुला चांद नाय दिसनार तर कुनाला दिसनार?”

“चाचा,” यासीन म्हणाला, “आयला असं नका बोलू. मी जाईन उद्या रोज्यानिशी, त्यात काय?”

“मी खोटं बोलते म्हनतोस, इस्हाक?”

“खोटं नाय, पन मला सांग, तुज्या सैपाकघरात सांदणाचं पीठ आंबवायला ठेवलंयस की नाय? माजी सून सांगत होती. दुपारपासनं!”

अंगणात कुजबूज झाली. सांदण म्हणजे तांदळाच्या फुगलेल्या वड्या, नारळाच्या रसाबरोबर खायच्या. ईदेचा मान त्यांचा. तांदूळ आदल्या दिवशी भिजवून, वाटून पीठ आंबवावं लागतं आणि ईद पुढे गेली तर ते फुकट जातं, म्हणून कुठलीही शहाणी बाई चांद दिसल्याशिवाय सांदणाच्या तांदळाला हात लावत नाही. हुरबीखालानं चांद दिसायच्या सात तास आधी पीठ लावलं होतं. याहून मोठा पुरावा काय हवा?

खालाचा चेहरा उतरला. पण मान खाली गेली नाही. “पीठ चांदासाटी नाय लावलं,” ती म्हणाली. “पोरासाटी लावलं. चांद नसता दिसला तर डब्यात भरून दिली असती. एस.टी.त रोजा सोडला असता त्यानं. माज्या हातच्या सांदणावर.”

यासीननं तोंड फिरवलं. मुकादमसुद्धा घुटमळले. पण नियम तो नियम. त्यांनी खतीबसाहेबांकडे पाहिलं आणि खतीबसाहेबांनी हळूच मान हलवली. एकटीच्या शब्दावर ईद होत नाही.

आता खाला मला विचारेल, असं मला वाटलं. गच्चीवर मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. ‘हिला विचारा, ही पन बगत होती,’ एवढं म्हणणं किती सोपं होतं. तिनं विचारलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. ती आपली ओटीच्या पायरीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि मला ते बघवेना. माझी वही काखेत होती. त्या वहीत सात वाजून चोवीस मिनिटं होती, जोडमाड होता, दोन टोकं होती. चार महिन्यांत मी लिहिलेली सगळ्यात खरी ओळ होती ती आणि ती घेऊन मी चोरासारखी उभी होते. सोहोनीबाईंची पाल! असली पाल शेपटी सोडून पळालेली बरी.

“मी पाहिला,” मी म्हणाले.

सगळे वळले.

“मी पाहिला चांद. खालांच्या आधी. सात वाजून चोवीस मिनिटांनी. इथे लिहिलंय.”

जो गलका झाला त्यात कोण काय म्हणालं ते आजही मला सांगता येणार नाही. मुकादमांचा आवाज तेवढा वेगळा ऐकू आला. “बाय, मग इतका वेळ काय केलंस? तोंडात काय गूळ धरून बसलेलीस?”

“मी… मला बोलायचं नव्हतं.”

“चांद बगून बोलायचं नव्हतं!” मुकादम आभाळाकडे बघून म्हणाले. “पुन्याला काय शिकवतात काय कळत नाय.”

खतीबसाहेबांनी हात वर केला आणि गलका थांबला. “ताई, राग मानू नका,” ते म्हणाले. “चांदाची शहादत, म्हणजे साक्ष, दोन मुसलमान पुरुषांची लागते. तुमची धरता येत नाही. हुरबीबायची एकटीची पण नाही.”

“मला माहीत आहे,” मी म्हणाले. प्रश्न क्रमांक सत्याऐंशी, उत्तर तेच होतं.

“पण थोडं विचारतो.” त्यांनी मला ओटीच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि आवाज खाली केला. “टोकं कुठल्या बाजूला होती?”

मी न बोलता वही उघडून दाखवली. त्यांनी चित्र पाहिलं, मग जाऊन खालापुढे उकिडवे बसले. “हुरबीबाय, टोकं कुठं होती चांदाची?”

“वर,” खाला म्हणाली. “होडी पान्यात बसल्यावानी. उजवं टोक जरा बुडालेलं.”

खतीबसाहेब उठले. मी त्यांना चार महिन्यांत पहिल्यांदा हसताना पाहिलं.

“पतंगाला अशी टोकं नसतात, इस्हाकभाई,” ते म्हणाले. “साक्ष नाही धरता येत, पण वाट तर धरता येते! आपण धक्क्यावरून बघत होतो. तिथून जोडमाडाची दिशा दिसते का?”

मुकादमांनी वळून धक्क्याकडे पाहिलं. धक्क्यावरून त्या बाजूला बुरुजाचा डोंगर आडवा येतो. बापजादे धक्क्यावरून चांद बघत आले, म्हणून हेही तिथेच उभे. यंदाचा चांद डोंगराआड होता आणि अख्खी जमात अर्धा तास डोंगर बघत उभी होती.

“बुडायला अजून वेळ हाय!” यासीन ओरडला आणि मग जी धावाधाव झाली! रुकय्याभाबीच्या गच्चीवर परके पुरुष कधी चढले नव्हते. त्या संध्याकाळी मुकादम, खतीबसाहेब, सारंग आडनावाचे दोघे भाऊ आणि मागून निम्मी जमात धाडधाड जिना चढली. भाबी खालून ओरडत होती, “पापड वाळत घातलेत, पापड!” पापडांचा भुगा झाला.

मी फटीकडे बोट दाखवलं. मळभ. आणखी मळभ. एक मिनिट, दोन मिनिटं. खाला वर आली नाही, ती पायरीवरच बसून राहिली होती. आणि मग उजव्या माडाच्या जरा खाली गोधडी उसवली.

“या अल्ला!” मुकादम म्हणाले. त्यांचा तो दणदणीत आवाज चक्क चिरकला. “दिसला! मी बगितला! मी, इस्हाक मुकादम, माज्या दोन डोळ्यांनी बगितला!”

धाकट्या सारंगनं पाहिला. खतीबसाहेबांनी पाहिला. मग चीर मिटली, पण आता मिटली तर मिटली. खाली नगारा सुरू झाला, पोरं गल्ल्यांतून पळत सुटली आणि मुकादम जिना उतरून थेट पायरीपाशी आले. एवढा धिप्पाड माणूस, तिच्यासमोर कान पकडून उभा राहिला.

“हुरबीबाय, सांदणं किती झाली?”

“तुज्यापुरती नाय,” खाला म्हणाली. “तुला पतंगाचा कपटा वाडते.” आणि मग दोघंही हसत सुटली.

दुसऱ्या दिवशीची ईद मी विसरणार नाही. यासीन पांढरंशुभ्र घालून नमाजेहून आला, मायला मिठी मारली, सोळा सांदणं खाल्ली. मी मोजली, मोजायची सवय होती. संध्याकाळी एस.टी. धुरळा उडवत वळणाआड गेली, तेव्हा खाला रडली नाही. म्हणाली, “पोटभर जेवून गेला,” आणि परतताना माझा हात धरला.

“खाला, एक विचारू?” मी म्हणाले. कालपासून मला खात होतं ते. “तुम्हांला नवीन डोळा आहे मान्य. पण तिथे आणखी नऊ बायका होत्या, तरण्या, धडधाकट डोळ्यांच्या. त्यांना दिसला नाही. तो जेमतेम मिनिटभर होता. तुम्हांला कसा दिसला?”

ती थांबली. जाड काचांमागे तिचे डोळे केवढाले तरी दिसत होते.

“आबाळ केवडं मोटं हाय गो! त्यात म्हातारीनं केस शोधायचा काय? मी आबाळात बगतच नव्हते.”

“मग?”

“तुज्याकडं बगत होते. तू अशी टकाटका बगतेस नि लिवतेस, टकाटका बगतेस नि लिवतेस. म्हटलं, काय असंल ते हिलाच आदी दिसनार. आणि तुजं पेन थांबलं.” तिनं माझ्या गालाला हात लावला. “तोंड असं उजळलं तुजं! म्हटलं, झालं. तू बगत होतीस तिकडं मी बगितलं, तर त्यो तिथं!”

“म्हणजे मी पाहिला, हे तुम्हांला माहीत होतं? गच्चीवर सगळ्या हसत होत्या तेव्हा? मग सांगितलं का नाहीत?”

“मी कशाला सांगू? तुजं तोंड तुजं.” ती पुन्हा चालू लागली. “चार म्हयने आमाला बगतेस. आमी काय डोळे मिटून बसलेलो? म्हटलं, बगू तरी बोलते का.”

दोन वर्षांनी पुण्यात माझी तोंडी परीक्षा झाली. प्रबंधात चांद पाहण्यावर नऊ पानं होती, साक्षीचे नियम होते, जोडमाडाचा नकाशा होता. बाहेरून आलेले परीक्षक बारीक चष्म्याचे, खडूस म्हणून प्रसिद्ध. त्यांनी पानं चाळली आणि हा प्रश्न विचारायची पद्धतच असते, तसा विचारला, “तुमच्या तिथे असण्यानं गावातल्या घटनांवर काही परिणाम झाला का?”

सोहोनीबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ठरलेलं उत्तर ‘नाही’ होतं.

“झाला, सर,” मी म्हणाले. “ईद वेळेवर झाली.”